ब्रूनोची ट्राम चुकते

श्रोतेहो, नमस्कार.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा इटालियन चित्रपट १९४८ सालचा. महायुद्ध संपलं आहे, रोममध्ये हाताला काम नाही. अन्तोनिओ रिच्चीला भिंतींवर जाहिराती चिकटवायची नोकरी लागते, पण त्यासाठी स्वतःची सायकल हवी, आणि ती गहाण पडलेली. बायको मारिया घरातल्या चादरी गोळा करते आणि गहाण ठेवायला नेते. तिथला माणूस तो गठ्ठा घेऊन उंच फळ्यांवर चढत जातो, तेव्हा दिसतं की छतापर्यंत चादरींचेच गठ्ठे रचलेत. केवढ्या घरांनी अंथरुणं गहाण टाकून दिवस काढलेत, हे एका दृश्यात कळतं.

कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग रविवारभर अन्तोनिओ आणि त्याचा मुलगा ब्रूनो, दोघे बापलेक रोम पालथं घालतात.

१९५२ साली मुंबईला देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा हा चित्रपट आपल्याकडे दाखवला गेला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मागे त्याचीच प्रेरणा होती.

मला मात्र बोलायचंय ते लहानग्या ब्रूनोबद्दल. सोडवून आणलेली सायकल पुसताना त्याला पेडलवरचा पोचा दिसतो आणि तो चिडतो: मी असतो तर त्यांना सुनावलं असतं! या पोराला घरातलं सगळं ठाऊक आहे. त्याच्यापासून काय लपवणार?

तरी बाप लपवू बघतो. शेवटी, सगळे मार्ग संपल्यावर, दुसऱ्याची सायकल उचलायचं त्याच्या मनात येतं, तेव्हा तो ब्रूनोला ट्रामचे पैसे देऊन पुढे जायला सांगतो. ब्रूनोची ट्राम चुकते. बाप पकडला जातो, लोक त्याला धक्के मारतात, आणि हे सगळं पोरगा बघतो. रडत रडत तो रस्त्यात पडलेली बापाची टोपी उचलतो, झटकतो. त्याच्याकडे बघूनच सायकलचा मालक तक्रार न करता बापाला सोडून देतो.

नोकरी गेलेली घरी न सांगता रोज डबा घेऊन बाहेर पडणारी माणसं आपल्याही शहरांत आहेत. त्यांना मी कळकळीनं सांगेन, की मुलांना सांगा. आकडे नका सांगू, पण यंदा हात आखडता आहे एवढं तरी सांगा. त्यांना ते कळतंच, आणि न सांगितल्यानं ती एकटी पडतात.

आणखी एक. अन्तोनिओ वैतागून ब्रूनोला थप्पड मारतो. पोरगा रुसतो. थोड्या वेळानं नदीवर कुणीतरी बुडाल्याची ओरड होते आणि बापाच्या पोटात धस्स होतं. ब्रूनो सुखरूप दिसल्यावर तो त्याला चक्क हॉटेलात जेवायला नेतो. खिशात फार पैसे नसताना! हा खर्च मला तरी चुकीचा वाटत नाही.

चित्रपट दीड तासाचा आहे. दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर त्यांना शेजारी घेऊन बघा, आणि थपडेच्या प्रसंगानंतर ती काही विचारू लागली तर चित्रपट थांबवा, आधी त्यांचं ऐका.