अल्फा ०.७०च्या वर गेला, पण मोजलं काय?

(संशोधन पद्धतीच्या विद्यार्थ्यांसाठी मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात बहुतेकदा एक ओळ असते: 'साधनाची विश्वसनीयता, क्रॉनबॅक अल्फा ०.८२'. साधन म्हणजे इथे प्रश्नावली किंवा चाचणी, आणि अल्फा हे तिच्यातली विधानं एकमेकांना किती धरून आहेत याचं माप. त्या ओळीवर परीक्षकही थांबत नाहीत आणि विद्यार्थीही. आज आपण तिथेच थांबणार आहोत.

एक प्रश्नावली डोळ्यांसमोर आणा. विषय आहे लोकल प्रवासाचा ताण. पाच विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण, 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत'. 'सकाळच्या गाडीत चढायच्या विचारानंच मला थकवा येतो.' 'दादरला गाडी बदलताना माझी चिडचिड होते.' 'घरी पोहोचल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही.' चौथं उलट्या दिशेचं: 'माझा रोजचा प्रवास निवांत होतो.' आणि पाचवं पुन्हा पहिल्या तिघांसारखंच. एकाच माणसाची या पाचांवरची उत्तरं एकमेकांना धरून आहेत का, हा अंतर्गत सुसंगततेचा प्रश्न. त्यासाठी तोच माणूस महिन्याभराने पुन्हा गाठावा लागत नाही, एकदाच भरलेली प्रश्नावली पुरते. म्हणूनच ही पद्धत एवढी लोकप्रिय आहे.

अल्फाचं सूत्र सोपं आहे. प्रत्येक विधानाच्या गुणांचं प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, गुण किती पसरलेत याचं माप, काढा आणि त्यांची बेरीज करा. एकूण गुणांचं प्रचरण वेगळं काढा. बेरजेला एकूण प्रचरणानं भागा, आलेला भागाकार १ मधून वजा करा, आणि विधानांची संख्या भागिले तिच्यापेक्षा एकने कमी संख्या, एवढ्यानं गुणा. समजा, आपल्या पाच विधानांची प्रचरणं १.१, ०.९, १.२, १.० आणि ०.८ आहेत, बेरीज ५. एकूण गुणांचं प्रचरण १२.५. म्हणजे १.२५ गुणिले ०.६, अल्फा ०.७५. बेरीज ५ आणि एकूण १२.५, हा जो ७.५चा फरक आहे तो विधानं एकत्र वरखाली होतात म्हणून पडतो. विधानांचा एकमेकांशी काही संबंधच नसता तर फरक शून्य, आणि अल्फाही शून्य.

अल्फाला ज्यांचं नाव आहे त्या क्रॉनबॅक यांचा लेख १९५१चा. पण बरोबर-चूक अशा ०-१ गुणांच्या चाचण्यांसाठी हेच सूत्र क्यूडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये दिलं होतं, आणि १९४५ मध्ये गटमन यांनीही ते मांडलं होतं. नाव मात्र एकाचंच चिकटलं.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. 'निवांत होतो' या विधानाचे गुण उलटवायचे राहिले. ६ मधून मिळालेला गुण वजा करायचा असतो, तेवढंच विसरलं. आपल्या उदाहरणात प्रत्येक दोन विधानांमधला कोव्हेरियन्स, म्हणजे ती दोन्ही एकत्र किती वरखाली होतात याचं माप, ०.३७५ धरा, आणि या चौथ्या विधानाचं प्रचरण १.०. न उलटवल्यामुळे त्याचे चारही संबंध ऋण होतात, एकूण प्रचरण १२.५ वरून ६.५ वर येतं आणि अल्फा कोसळून ०.२९ होतो. सॉफ्टवेअरच्या तक्त्यात, विधान काढलं तर अल्फा किती होईल, असा एक रकाना असतो. तो सांगेल: चौथं काढा, ०.७१ होईल. विद्यार्थी ते काढतो आणि समाधानानं पुढे जातो. खरं तर ते विधान चांगलं होतं; उलटवलं असतं तर ०.७५ मिळाला असता. एखाद्या विधानाचा उरलेल्या बेरजेशी सहसंबंध ऋण दिसला, तर काढायच्या आधी गुणांकन तपासा.

मराठीत नकारार्थी विधानांचा आणखी एक घोळ होतो. 'मला गर्दीचा त्रास होत नाही' हे तोंडी विचारलं आणि समोरचा 'नाही' म्हणाला, तर त्याला त्रास होतो की होत नाही? आपल्या बोलण्यात दोन्ही अर्थ निघतात. उलटं विधान हवं असेल तर 'नाही' न वापरता लिहा, जसं 'निवांत होतो'.

कोऱ्या उत्तरांसाठी ९९ टाकायची सवय असेल, तर सॉफ्टवेअरला ते 'उत्तर नाही' म्हणून सांगा. दहा-बारा जणांनी शेवटची तीन विधानं सोडली असतील, तर त्या ९९मुळे ती तीन विधानं विलक्षण 'सुसंगत' दिसतात आणि अल्फा फुगतो. वेळ न पुरणाऱ्या चाचण्यांतही हेच होतं. ज्यांचा वेळ संपतो त्यांचे शेवटचे प्रश्न सुटलेलेच नसतात, त्या सगळ्या प्रश्नांत त्यांना शून्य, आणि ते शून्य एकमेकांशी छान जुळतात. एकाच उताऱ्यावर पाच प्रश्न असले तरी तसंच.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. बारा विधानं घ्या: सहा गर्दीबद्दल, सहा भाड्याबद्दल. गर्दीच्या सहांचा आपापसांत सहसंबंध ०.५, भाड्याच्या सहांचाही ०.५, आणि दोन गटांमध्ये शून्य. म्हणजे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. सरासरी सहसंबंध सुमारे ०.२३ येतो आणि अल्फा येतो ०.७८! प्रबंधात तो सहज खपेल. पण त्या बारांची बेरीज कशाची आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून सहसंबंधांचा तक्ता आधी वाचा, घटक विश्लेषण करा, म्हणजे कोणती विधानं एका गटात पडतात ते पाहा, आणि गट वेगळे पडले तर प्रत्येकाचा अल्फा वेगळा द्या. घटकांवरचे भार, म्हणजे विधानांचं आपापल्या घटकाशी असलेलं नातं, फार असमान असतील तर अल्फाऐवजी मॅकडोनाल्ड यांचा ओमेगा हा विश्वसनीयतेचा दुसरा गुणांक काढा.

विधानं वाढवूनही अल्फा वाढतो. सरासरी सहसंबंध फक्त ०.१ असला तरी चाळीस विधानांना ०.८२ मिळतो. उलट, ०.३ सहसंबंधाची पाच चांगली विधानं ०.६८ वरच थांबतात. 'अल्फा ०.७०च्या वर असेल तरच साधन चालेल' ही रूढ रेघ आंधळेपणानं लावली, तर यातली चांगली प्रश्नावली फेकली जाईल.

'हे साधन प्रमाणित आहे, अल्फा ०.८९' असं दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलून भागत नाही. अल्फा मिळालेल्या गुणांचा असतो. ज्या साधनाला सर्व वेळांच्या प्रवाशांत चांगला अल्फा मिळाला, तेच तुम्ही फक्त सकाळच्या गर्दीच्या विरार गाडीत वाटलंत, तर सगळेच ताणलेले. गुणांतला फरक आटतो आणि अल्फा उतरतो. स्वतःच्या नमुन्यावर तो पुन्हा काढा, विधानांची संख्या आणि नमुन्याचा आकार शेजारी लिहा.

आणि एका माणसाबद्दल निर्णय घेणार असाल, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे एका माणसाच्या गुणांत साधारण किती चूक असू शकते याचा अंदाज, काढल्याशिवाय घेऊ नका: प्रमाण विचलन गुणिले, १ वजा अल्फा याचं वर्गमूळ. प्रमाण विचलन १० आणि अल्फा ०.८४ असेल तर ती ४ गुण येते. समुपदेशनाला पाठवण्याची मर्यादा ५० असेल, तर ४८ आणि ५२ गुणांच्या दोन माणसांत हे साधन फरक करू शकत नाही. त्या दोघांशीही बोलावं लागेल.