रिसीव्हर, बचाव आणि फिल्मची खोली

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलविषयी, आणि त्यातला खेळाडू पुढे प्रशिक्षक कसा होतो त्याविषयी. चेंडू हातात घेऊन पळायचा हा फुटबॉल. अकरा-अकरा खेळाडू, १०० यार्डांचं मैदान आणि १० यार्ड पुढे सरकायला चार संधी. अशा एका संधीला ‘डाउन’ म्हणतात.

डेव्हिड शॉ स्टॅनफर्ड विद्यापीठात रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू होते. समाजशास्त्राची पदवी घेऊन १९९५ साली ते वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. काम मिळालं ते लाइनबॅकरना, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूंना शिकवण्याचं. निक सिरियानी यांचंही तसंच. माउंट युनियन या छोट्या कॉलेजात रिसीव्हर आणि मग तिथेच बचावाच्या मागच्या फळीचे प्रशिक्षक. पुढे शॉ २०११ ते २०२२ स्टॅनफर्डचे मुख्य प्रशिक्षक होते. ९६ विजयांचा विद्यापीठाचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. सिरियानींच्या फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघानं फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना जिंकला. दोघांनीही सुरुवात केली ती कॉलेजात स्वतः न खेळलेल्या जागेपासून, आणि प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही असं माझं ठाम मत आहे. रिसीव्हरला स्वतःची धाव पाठ असते. तीच धाव अडवायला दुसऱ्याला शिकवताना मात्र अकराही जणांची कामं समजून घ्यावी लागतात.

पण या वाटेवर पदवी आधी लागते. वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये खेळायचं तर शाळेत १६ मुख्य कोर्स आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी हवी. कॉलेजात दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पुरा हवा, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८०. घोटाळा होतो तो तिसऱ्या वर्षी मुख्य विषय बदलला की. बरेच जुने क्रेडिट नव्या पदवीत धरले जात नाहीत, टक्केवारी घसरते आणि अंगात ताकद असूनही मुलगा बाकावर बसतो. विषय बदलायचाच तर दुसऱ्या वर्षाच्या आत, आणि सल्लागाराकडून टक्केवारी लेखी घेऊन.

पदवीनंतरची नेहमीची पहिली पायरी म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट. आपल्याकडची मुलं एमएसला जाऊन टीचिंग असिस्टंट होतात, फी भागते, वर थोडं मानधन मिळतं. फुटबॉलमधलीही साधारण तीच सोय. पदव्युत्तर प्रवेश घ्यायचा आणि संघाचं काम करायचं. हे काम बहुतेक फिल्मच्या, म्हणजे सामन्यांचं चित्रण पाहण्याच्या खोलीतलं असतं.

प्रतिस्पर्ध्याचे गेले चार सामने समोर असतात. एका सामन्यात एका संघाच्या साधारण ६० ते ८० चाली, आणि प्रत्येक चालीची एक ओळ भरायची: कितवा डाउन, किती यार्ड हवेत, चेंडू कोणत्या रेषेवर, कोणत्या हॅशवर, कोणते खेळाडू, कशी मांडणी, काय झालं. हॅश म्हणजे मैदानातल्या आखूड खुणा. मैदान १६० फूट रुंद असतं आणि कॉलेजात या खुणा बाजूच्या रेषेपासून ६० फुटांवर. चेंडू डाव्या हॅशवर असला की डावीकडे ६० फूट जागा उरते, उजवीकडे १००. म्हणून रुंद बाजूला काय खेळतात आणि अरुंद बाजूला काय, हे वेगळं मोजतात. नवखा माणूस कॅमेऱ्याच्या डाव्या-उजव्यावर हॅश लिहितो, आणि सगळा अहवाल उलटा होतो. नेहमी आक्रमण ज्या दिशेला तोंड करून उभं आहे, तिथून डावं-उजवं ठरवायचं.

दुसरी चूक खेळाडूंच्या आकड्यात होते. ‘११’ म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) आणि एक टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा दणकट खेळाडू); उरलेले तीन रिसीव्हर. टाइट एंड कडेला जाऊन रिसीव्हरसारखा उभा राहिला तरी आकडा ११च राहतो. तिथे १० लिहिलं, तर आपला बचाव एक जड खेळाडू काढून हलका, चपळ खेळाडू आत पाठवतो, आणि समोरचे त्याच्याच अंगावरून चेंडू घेऊन पळतात.

या नोंदींवरून कार्डं काढायची. सरावात राखीव खेळाडू प्रतिस्पर्धी बनतात आणि त्यांना कार्डावर चाल दाखवतात. जाड मार्कर, प्रत्येक वर्तुळात जागेचं अक्षर, बाणाच्या टोकाशी यार्ड. कार्ड धरणाऱ्याच्या समोर आक्रमणाची मुलं घोळका करून उभी असतात, म्हणून चित्र त्यांच्या नजरेतून, आक्रमण खाली आणि बचाव वर. उलटं काढलेलं कार्ड मुलं मनात फिरवत बसतात; तेवढ्यात शिट्टी वाजते, चाल चुकते आणि मुख्य बचावाचा एक सराव वाया जातो. शब्दही आपल्याच संघाचे वापरावेत. समोरच्यांनी चालीला दिलेलं नाव राखीव मुलांना कळत नाही.

जे विद्यार्थी अजून खेळताहेत, त्यांनी शेवटच्या वर्षाची वाट पाहू नये. आपल्या जागेच्या प्रशिक्षकाकडे एका जुन्या सामन्याची फिल्म मागावी. रिसीव्हर असाल तर बचावाच्या बाजूनं सगळ्या ओळी भराव्यात आणि संघाच्या अहवालाशी ताडून पाहाव्यात. जिथे फरक पडेल तिथली चाल पुन्हा लावून, चेंडू कोणत्या हॅशवर होता हे आधी तपासावं.