शेजारची खुर्ची

इथे बसलेल्यांपैकी जे गावाकडे वाढले, त्यांनी आपण पोहायला कसे शिकलो ते जरा आठवावं. पाठीला रिकामा डबा बांधलेला आणि विहिरीत आधीच उतरलेला काका, ‘हात मार, हात मार’ म्हणत. पाण्यात पडलं की पोहता येतं असं आपण म्हणतो, पण तो काका खाली असायचा म्हणून आपण उडी मारायचो. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि आपल्याकडचे सगळे प्राध्यापक ऑनलाइन शिकवण्याच्या पाण्यात एकदम पडले. डबा नव्हता आणि काकाही नव्हता.

मी तेव्हा एका विद्यापीठात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करत होते. आम्ही वेबिनार घेतले. सात दिवस, रोज दोन तास. म्यूट कसं करायचं, स्क्रीन शेअर कशी करायची, गूगल क्लासरूममध्ये मुलांना कसं घ्यायचं. शेवटी फीडबॅक फॉर्म भरा आणि ई-प्रमाणपत्र घ्या. काम झालं असं आम्हाला मनापासून वाटलं होतं. मग जूनमध्ये मराठी शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘मॅडम, बटणं सगळी कळली. पण समोर बहात्तर काळे चौकोन आहेत. त्यांना समास कसा शिकवू, ते सांगा.’

मला उत्तर देता आलं नाही. आज जे सांगायचं आहे ते सगळं त्या फोनमधून सुरू झालं.

लांबून शिकवणं आपल्याला नवीन नाही, हे आधी लक्षात घेऊ. ब्रिटनमध्ये १९६९ साली ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली. तिथे अभ्यासक्रम एकट्या प्राध्यापकाने करायचाच नाही, अशी रीत पहिल्यापासून पडली. विषयाचे जाणकार, शिकवण्याच्या पद्धतीचा जाणकार, संपादक आणि बीबीसीचा निर्माता हे सगळे एका टेबलाभोवती बसायचे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे युजीसीचा, ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा शैक्षणिक कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाला. पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्रात प्राध्यापक बोलायचे, तेव्हा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असायचा आणि संहितेवर निर्मात्याबरोबर आधी बसलेलं असायचं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. या विद्यापीठाची पुस्तकं तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असतील. पहिली पानं उघडून बघा. लेखक आणि संपादक यांच्या जोडीला तिथे ‘अनुदेशन तंत्र संपादक’ अशी एक ओळ दिसेल. मला ही ओळ फार मोलाची वाटते. ज्याला विषय येतो त्याला तो कागदावरून शिकवता येईलच असं नाही, म्हणून त्याच्या शेजारी एक माणूस बसवला पाहिजे, एवढं त्या विद्यापीठाने ओळखलं होतं.

२०२० मध्ये आपण प्राध्यापकाच्या हातात मोबाइल दिला आणि लेखक, कॅमेरामन, संपादक, पर्यवेक्षक, क्लार्क ही सगळी कामं त्याच्या एकट्याच्या गळ्यात घातली. तो अडखळला तेव्हा त्याला ‘टेक्नोसॅव्ही नाही’ म्हणून मोकळे झालो. हा अन्याय होता. आजही तो चालूच आहे.

शेजारी बसणं म्हणजे काय, ते एका प्रसंगातून सांगते. अर्थशास्त्राचे एक ज्येष्ठ सर, निवृत्तीला चार वर्षं उरलेली. मागणीचा सिद्धान्त शिकवताना वर्ग तल्लीन व्हायचा, अशी ख्याती. त्यांनी घरी पुस्तकांच्या ढिगावर मोबाइल टेकवून बावन्न मिनिटांचा व्हिडिओ केला होता. आम्ही दोघांनी तो शेजारी बसून पाहिला. दहाव्या मिनिटाला सरांनी स्वतःच तो थांबवला. ‘मी असा बोलत नाही हो,’ म्हणाले. खरंच बोलत नव्हते. आवाज एका पट्टीत, नजर कॅमेऱ्याच्या खाली, हातात खडू नाही तर हात कुठे ठेवायचे ते कळत नाही.

मी त्यांना लांबीचं सांगू शकले असते. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. व्हिडिओ कितीही लांब असो, बघणारा साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, असं त्यात दिसलं. पण त्या दिवशी मी ते बोलले नाही. एवढंच विचारलं, ‘सर, या धड्यात मुलं नेमकी कुठे चुकतात?’

सर खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, ‘विस्तार आणि वृद्धी. दरवर्षी. कांदा स्वस्त झाला म्हणून जास्त घेतला, तर तो मागणीचा विस्तार. भाव आणि मागणी दाखवणाऱ्या त्याच वक्रावर आपण खाली सरकतो. पगार वाढला म्हणून त्याच भावाला जास्त घेतला, तर ती वृद्धी; अख्खा वक्रच उजवीकडे जातो. पोरं दोन्हीला वृद्धी लिहितात. पेपर तपासताना मला आधीच माहीत असतं.’ मग त्यांनी कागद ओढला, दोन वक्र काढले आणि मुलं कोणते चार प्रकारचे चुकीचे बाण काढतात ते एकामागून एक काढून दाखवले. वीस-पंचवीस वर्षांच्या उत्तरपत्रिका त्या कागदावर उतरल्या होत्या.

तो कागद हाच आमचा ऑनलाइन धडा झाला. वर्गात सरांना मुलांच्या कपाळावरची आठी दिसते आणि ते मागे येऊन पुन्हा सांगतात. पडद्यावर आठी दिसत नाही, म्हणून तिच्या जागी प्रश्न ठेवावा लागतो. पाच मिनिटं बोलणं, मग व्हिडिओ थांबवून ‘वहीत बाण काढा’, मग ते चारही चुकीचे बाण आणि प्रत्येकाबरोबर ‘असा काढला असेल तर तुमच्या मनात काय आलं असेल’ हे सरांच्या शब्दांत. आयआयटी मुंबईच्या शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या मंडळींनी असा मध्येच थांबून कृती करायला लावणारा व्हिडिओ ‘लर्निंग डायलॉग’ या नावाने अनेक शिक्षकांना शिकवला आहे. सरांनी ते नाव ऐकलेलं नव्हतं. त्याची गरजही पडली नाही. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यामागे एफवायची एक विद्यार्थिनी बसवली आणि सरांना त्यांचा आवाज परत सापडला.

त्या दुपारी मी त्यांना एकही बटण शिकवलं नाही. ते आमच्या तरुण सहकाऱ्याने नंतर वीस मिनिटांत शिकवलं.

आता वेळेबद्दल, कारण घोडं इथेच पेंड खातं. युजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाच्या आठवड्याच्या चाळीस तासांत सोळा तास प्रत्यक्ष अध्यापनाचे. चार श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) संपूर्ण ‘मूक’, म्हणजे कोणालाही घेता येणारा खुला ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला तर पदोन्नतीसाठी त्याचे वीस गुणही मिळतात. पण तो करायचा कधी, याची सोय बहुतेक कॉलेजांच्या वेळापत्रकात नाही. गुण आहेत, तास नाहीत. म्हणून ते काम रात्री अकरानंतर होतं, जेवणाच्या टेबलावर, घरातली सगळी झोपल्यावर. २०२१ पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरून घेता येतात. म्हणजे हे काम वाढतच जाणार आहे.

तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांचं तर मला बोलवत नाही. त्यांना घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. रेकॉर्डिंगला, चर्चामंचावर रात्री दिलेल्या उत्तरांना, चाळीस स्वाध्याय तपासायला काहीच नाही. त्यातल्या एकाने मला विचारलं, ‘माझे व्हिडिओ एकदा कॉलेजकडे गेले की पुढच्या वर्षी मला बोलावतील का?’ ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. व्हिडिओ कोणाचा, किती वर्षं वापरायचा आणि माणूस सोडून गेल्यावर त्याचं काय करायचं, हे आधी कागदावर लिहून दोघांनी सही केली पाहिजे. प्राचार्यांनो, हे तुमच्या हातात आहे आणि याला एक पानही पुरतं.

इंटरनेटविषयी थोडंच सांगते. ज्या मुलाला डोंगरउतारावर जाऊन रेंज शोधावी लागते त्याच्यासाठी आवाजाची फाइल पाठवा. साध्या दर्जाचं तासभराचं बोलणं पंधरा एमबीच्या आत बसतं. ते ऐकत आकृतीचा एक फोटो समोर ठेवला की बराचसा धडा होतो.

आमच्या केंद्रात आता वेबिनार कमी झाले आहेत. दर मंगळवारी दुपारी दोन ते पाच आम्ही तिघे बसतो. एका वेळी एक प्राध्यापक, एक धडा. एका सहामाही सत्रात जेमतेम पंधरा-सोळा जण होतात आणि अहवालात हा आकडा फार लहान दिसतो. वरून विचारणा होते, तेव्हा मी तो बाणांचा कागद दाखवते. जपून ठेवला आहे.

समास विचारणाऱ्या बाई मागच्या महिन्यात येऊन गेल्या. त्यांचा अजून एक धडा उरला आहे, बहुव्रीहीचा, आणि तिथे मुलं कुठे चुकतात यावर आमचं एकमत झालेलं नाही. तुमच्यापैकी कोणी मराठी शिकवत असेल तर येत्या मंगळवारी या. लॅपटॉप नसला तरी चालेल, तपासलेल्या उत्तरपत्रिका मात्र घेऊन या.