लिफ्ट केलेल्या गाडीची थरथर

गाडी 80 ला आहे, रस्ता गुळगुळीत, आणि तरी सीटखालून हे जे गूंऽऽ गूंऽऽ येतंय ना, ते ऐका. आरशात बघा, मागची गाडी धूसर दिसतेय. लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारं किट, बसवायच्या आधी यातलं काहीच नव्हतं. आता 33 इंची टायर, गाडी दिसायला एकदम दणकट, पण मालक पार वैतागलाय, टायर दोनदा बॅलन्स करून झालेत आणि तिसऱ्यांदा करायला निघालाय.

थांब म्हटलं, आधी हिशोब करू. 33 इंची टायर 80 च्या स्पीडला सेकंदाला साधारण साडेआठ फेरे मारतो. डिफरेन्शियलचा रेशो 4.10 असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.10 फेरे, तर प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) तेवढ्याच वेळात 35 च्या आसपास फिरतो. म्हणून टायरची थरथर जाड, गदगद हलवणारी आणि शाफ्टची बारीक, भुणभुणणारी. फोनमध्ये व्हायब्रेशन मोजायचं ॲप टाका आणि फोन दोन सीटच्या मधे घट्ट दाबून ठेवा. 8-9 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 8-9 हादऱ्यांना, उंच रेघ आली तर टायर, 35 ला आली तर शाफ्टचा बॅलन्स गेलाय किंवा शाफ्ट वाकलाय. या गाडीत रेघ आली 70 ला.

70 म्हणजे एका फेऱ्यात दोन हादरे, आणि हा क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटचा, स्वभावच आहे. क्रॉस सरळ रेषेत फिरला तर काही नाही, पण कोनात फिरवला की एका बाजूने स्पीड अगदी एकसारखा दिला तरी दुसरी बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. 10 अंशाच्या कोनात 1000 चा आरपीएम पलीकडे 985 ते 1015 मधे हेलकावे खातो, 3 अंशाला हाच फरक जेमतेम दीडचा. आता शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हेच हेलकावे उलटे करून पुसून टाकतो, पण कधी, तर दोन्ही कोन सारखे असतील आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे चिमटे) एका रेषेत असतील तेव्हाच. कुणी शाफ्ट उघडून स्प्लाइनचा (शाफ्टचे दोन भाग जुळवणाऱ्या खाचांचा) एक दात जरी चुकवून जोडला तरी खेळ संपला.

चला गाडीखाली. आधी क्रॉस हाताने हलवून बघायचा, टोपीपाशी विटकरी पावडर दिसली तर आतलं ग्रीस संपून सुया (नीडल बेअरिंग) गंजल्यात, मग कोन मोजत बसू नका, पहिला क्रॉस बदला. इथे क्रॉस ठीक आहे. आता कोन मोजायचं मीटर लावू, गाडी सपाट जागी, चारी चाकांवर उभी, जॅकवर नाही. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्याचा) आउटपुट मागे 4 अंश खाली झुकलाय, शाफ्ट 14 अंश, आणि पिनियनचं, म्हणजे शाफ्ट जोडतो त्या डिफरेन्शियलच्या गिअरचं, नाक 9 अंश वर. म्हणजे वरच्या क्रॉसचा कोन 10 आणि खालच्याचा 5. सापडला चोर!

हे झालं कसं? मालकाने पाट्यांखाली (लीफ स्प्रिंगखाली) पाचर घालून पिनियन वर केला, "पिनियन शाफ्टकडे बघायला पाहिजे" असं कुणीतरी सांगितलं म्हणून. सांगणारा खोटं बोलला नाही, फक्त ते डबल क्रॉसच्या शाफ्टसाठी असतं, जिथे वरच्या टोकाला दोन क्रॉस जोडीने बसून एकमेकांचे हेलकावे पुसतात. साध्या शाफ्टला पिनियन आउटपुटला समांतर हवा, म्हणजे इथे 4 अंश. पण तसं केलं तरी दोन्हीकडे 10-10 उरतात, हेलकावे पुसले जातील पण शाफ्ट स्वतः मधल्या मधे ओढाताण करतच राहील, आणि क्रॉस लवकर मरेल ते वेगळंच. ट्रान्सफर केस एखादा इंच खाली उतरवून कोन कमी होतो, स्वस्तात काम होतं, पण ज्या क्लिअरन्ससाठी लिफ्ट केली तोच परत द्यायचा, मला तरी पटत नाही.

म्हणून इथे ट्रान्सफर केसमधला स्लिप योक (आत-बाहेर सरकणारा) काढून फिक्स योक (न सरकणारा) बसवला आणि वरच्या टोकाला डबल क्रॉसचा शाफ्ट. शाफ्ट थोडा लांब झाला तसा 14 चा 13 झाला. पिनियन 11 वर ठेवला, मुद्दाम 2 अंश खाली, कारण ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियनचं नाक वर चढतं. पुढच्या ॲक्सलला हाच प्रयोग करताना जरा जपून हं, तिथे पिनियन वर केला की कॅस्टर (स्टीअरिंग ज्या आसावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि स्टीअरिंग भरकटायला लागतं.

परत तोच रस्ता, परत 80. आरशातली गाडी आता स्वच्छ दिसतेय. ॲपवर 70 ची रेघ गायब, 35 ला काही नाही. साडेआठला मात्र एक बारकी रेघ अजून आहे. घ्या, आता खरंच टायर बॅलन्स करून आणायला हरकत नाही.