आपल्या माणसाचं गाणं

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाइलवरच्या गटात रात्री एक निरोप येतो. 'रविवारी संध्याकाळी सहा वाजता माझं गाणं आहे. सगळ्यांनी नक्की यायचं.' खाली पटापट अंगठे पडतात, जोडलेले हात उमटतात, फुलांचे गुच्छ येतात. मग रविवार उजाडतो. कुणाकडे पाहुणे टपकतात, कुणाच्या विहिरीवरची मोटार जळते, आणि उरलेल्यांना ऐनवेळी वाटतं, आपल्याला कुठे त्यातलं काही कळतं? गाणारा माणूस विंगेतून डोकावतो, तर समोर माणसांपेक्षा खुर्च्या जास्त.

आज मला बोलायचं आहे ते या निरोपाबद्दल. छंदातून जमलेल्या दोस्तमंडळींपैकी कुणी शास्त्रीय संगीताच्या बैठकीवर बसणार असेल, तर बाकीच्यांनी नेमकं काय करायचं?

आमचा गट पक्षी बघणाऱ्यांचा. त्यात यावल तालुक्यातले केळीवाले आहेत, औषधाच्या दुकानाचे मालक आहेत, एसटीतून निवृत्त झालेले आप्पा आहेत. एरवी जळगावचा मेहरूण तलाव, थंडीत हतनूर धरणाचं पाणी, पावसाळा सरता सरता चाळीसगावजवळची पाटणादेवी, अशी आमची फिरस्ती. त्यातल्या एक ताई गातात आणि एक भाऊ तबला वाजवतात, याचा बऱ्याच जणांना कितीतरी काळ पत्ताच नव्हता. ताई शाळेत गणित शिकवतात, भाऊंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दुर्बीण गळ्यात असली की कुणी कुणाला 'तुम्ही घरी काय करता' असं विचारत नाही.

पत्ता लागला तो पाटणादेवीच्या रानात. पावशा ओरडत होता. आम्ही झाडं धुंडाळत होतो आणि ताई डोळे मिटून उभ्या. म्हणाल्या, 'ऐका, दर हाकेला थोडा वर सरकतोय. टोकाला गेला की तुटतो आणि पुन्हा खालून उचलतो.' आम्ही वर्षानुवर्षं पावशा ऐकत आलो होतो, पण असा नाही.

पाटणादेवीवरून आठवलं. तिथल्या देवळातला शिलालेख तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याची नोंद त्यात आहे. काळ देवगिरीच्या यादव सिंघणाचा, म्हणजे तेराव्या शतकाची सुरुवात. आणि याच सिंघणाच्या पदरी हिशेबाचं काम बघणारा एक अधिकारी होता, शार्ङ्गदेव. त्याने लिहिला 'संगीतरत्नाकर'. हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही परंपरा ज्या ग्रंथाला मानतात, तो ग्रंथ आपल्या चाळीसगावच्या घाटापलीकडे, एका हिशेबनीसाच्या हातून उतरलेला आहे. फावल्या वेळात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना कमी लेखणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

त्या ग्रंथात सात स्वर कोणत्या प्राण्यांचे ते सांगितलंय. षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, गांधार बोकडाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा, धैवत बेडकाचा आणि निषाद हत्तीचा. सातांपैकी चार पक्षी! आमच्या गटात यावर घनघोर चर्चा झाली. माझं मत विचाराल तर रानात जाऊन हा हिशेब ताडून बघू नये. कोकीळ काही एका पंचमावर थांबत नाही, तोही पावशासारखा चढत जातो. पण इतक्या जुन्या काळी स्वराचा विचार करणाऱ्या माणसांनी आधी कान रानाकडे लावले होते, एवढं मात्र त्यातून कळतं.

तर ताईंचं गाणं ठरलं, साथीला भाऊ. पहिली गोष्ट घडली ती कार्यक्रमाच्या आधीच, आणि मला वाटतं खरी मदत तीच असते. आप्पांनी विचारलं, 'आम्ही येऊ, पण तिथं बसून ऐकायचं काय?' ताईंना राग आला नाही. पुढच्या फेरीत चहाच्या वेळी, तलावाच्या काठावर, त्यांनी आम्हाला विलंबित एकताल मोजायला शिकवला.

तुम्हीही मोजून बघा, सोपं आहे. एकतालाच्या मात्रा बारा. भाऊंनी मांडीवर बोल धरले: धीं धीं धागे तिरकिट, तू ना कत् ता, धागे तिरकिट धीं ना. विलंबित ख्यालात हे इतकं सावकाश चालतं की बारा मात्रांच्या एका फेरीला, म्हणजे आवर्तनाला, पाऊण मिनिट, कधी जवळजवळ मिनिटही लागतं. नवख्या माणसाचा धीर सुटतो तो इथंच. भाऊंनी खूण सांगितली. 'तिरकिट' एका आवर्तनात दोनदा येतं, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या. 'कत् ता' ऐकू आलं की पुढचं तिरकिट दुसरं. त्यानंतर धीं, ना, आणि आली सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा. गायिका कुठंही फिरत असली, तरी बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, उचलून तिला नेमकं तिथं यायचं असतं. ती कशी येते, हे बघायला बसायचं. एकदा हे कळलं की माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो. आप्पा तर त्या दिवसापासून गाडीच्या इंडिकेटरवरही मात्रा मोजू लागले.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात गटाची भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लवंगी मिरची, कळण्याची भाकरी. ताईंनी मिरचीचं भरीत पानात घेतलं नाही, नुसतं भाजलेलं वांगं खाल्लं. हिवाळ्यात खान्देशी माणसाने भरीत नाकारणं केवढी तपश्चर्या आहे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्या दिवशी कुणी त्यांना आग्रह केला नाही, हीसुद्धा साथच.

प्रत्यक्ष दिवशी गायिकेला शुभेच्छांपेक्षा हातांची गरज असते. तानपुरे सांभाळून न्यायचे असतात. भोपळा आपटला तर वाद्य कायमचं गेलं. ध्वनिव्यवस्थेवाल्याला सांगावं लागतं की तबल्याचा आवाज एवढा नको. आमच्यापैकी एक जण दारात उभे राहिले, दुसऱ्यांनी कोमट पाण्याचा थर्मास सांभाळला. भाऊ मागे बसून तबला लावत होते. ताईंचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, त्याला जुळणारा तबला लागतो. गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर, हातोडीचे ठोके घालत ते षड्ज जुळवत होते. दुकानात मोटारीचा आवाज ऐकूनच बिघाड ओळखतात, तोच कान.

पडदा उघडल्यावरही तानपुरे लावणं चालू राहतं. मंचावरचे दिवे तापतात, तारा उतरतात. मधल्या दोन तारा षड्जात, शेवटची खर्जात, पहिली रागाच्या सोयीने पंचमात, मध्यमात किंवा निषादात. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, खुलवायची. हे पाच-सात मिनिटं चालतं आणि सभागृहात चुळबुळ सुरू होते. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठीच्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं लावून घेतली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसून म्हणाले ते साधारण असं, की जुळवणीच इतकी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल. आमच्याकडे उलटं झालं. ताईंनी पूरिया धनाश्री या संध्याकाळच्या रागाचा आलाप सुरू केला, कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, बाहेर दिवेलागण झालेली. बराच वेळ गेला, तबला गप्प. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, 'भो, गानं कवय सुरू व्हई?'

मी त्यांना गप्प केलं नाही, फक्त भाऊंच्या हाताकडे बोट दाखवलं. पहिला धीं पडला आणि आप्पांची बोटं मांडीवर चालू झाली. तिसऱ्या की चौथ्या आवर्तनाला ताई समेवर आल्या, तेव्हा आमची सगळी रांग एकदम डोलली. ताईंनी ते पाहिलं. त्यानंतर त्यांचा आवाज मोकळा झाला, असं मला तरी वाटलं. पुढे भाऊ हसले, एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, जास्तीची टाकली. गाणाऱ्याला समोरून काय परत मिळतं त्यावर गाणं फुलतं किंवा आखडतं. नुसत्या भरलेल्या सभागृहापेक्षा आवर्तन धरून बसलेले चार जण गाणाऱ्याला जास्त काही देतात.

आता थोडं कटू बोलतो. मैत्रीपोटी गाण्याला येणारे लोक गाण्याचं नुकसानही करतात. पुढच्या रांगेत बसून मोबाइल उंच धरतात, मागच्याला गायिका दिसते ती पडद्यावर. आलापात मध्येच टाळ्या वाजवतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्या माणसाचं गाणं संपलं की घोळक्याने उठतात, हार, फोटो, गलका, आणि पुढचा कलाकार रिकाम्या रांगांपुढे बसतो. त्या पोराचीही कुठली तरी मैत्रीण, कुठला तरी काका एवढ्या लांबून आलेला असतो. आमच्यातही दोन-चार जण उठायला लागले होते. केळीवाल्या नानांनी फक्त एवढंच म्हटलं, 'हतनूरला एक पट्टकादंब हंस दिसला की आपण घरी जातो का?' सगळे बसले. पुढचा मुलगा सतार वाजवणारा होता, त्याचा 'झाला', म्हणजे शेवटचं जलद वादन, तर ऐकण्यासारखा होता.

पक्षी बघणाऱ्यांना शांत बसायची सवय असते, त्याचा इथं फार उपयोग झाला. ज्याने भर थंडीत धरणाच्या काठावर तासभर न हलता काढलाय, त्याला दीड तासाच्या मैफलीचं काय ओझं?

गाणं संपल्यावर काय बोलायचं, हा आणखी एक प्रश्न. 'छान झालं' याने गाणाऱ्याचं समाधान होत नाही, कारण ते सगळेच म्हणतात. आप्पा ताईंना म्हणाले, 'मधी एका टायमाले तुम्ही समेले जराशा उशिरा आल्या, पण भाऊंनी सांभाळी लिधं.' आम्ही गार पडलो. ताई खळखळून हसल्या. म्हणाल्या, 'आप्पा, बरोबर पकडलंत.' त्या दिवसाची सगळ्यात मोठी दाद हीच होती, हे माझं मत.

जळगावला या बाबतीत विसरून चालणार नाही असा वारसा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, जन्म १८८८ चा. लहानपणी ते काही काळ जळगावात होते आणि महबूब खाँ यांच्याकडे त्यांना गाण्याचे धडे मिळाले. आडनाव राजहंस, म्हणून आमच्या यादीत ते तसेही बसतात. शहरातलं खुलं नाट्यगृह त्यांच्या नावाचं आहे. दुसरीकडे, विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये उभारलेल्या मंडळाच्या परीक्षा आज आपल्या तालुक्यांच्या गावांतली पोरंही देतात. प्रवेशिका, मध्यमा, विशारद. परीक्षा देणारे पुष्कळ झाले. पण विशारद झालेल्या पोरीला गावात वर्षातून एकदा तरी बसून गायला जागा आणि ऐकायला माणसं मिळतात का? ही माणसं संगीताच्या वर्गातून येतीलच असं नाही. सायकल चालवणारे, किल्ले फिरणारे, बागकाम करणारे, बुद्धिबळ खेळणारे, तिच्याबरोबर दुसऱ्या कुठल्या तरी वेडाने जोडलेले लोकच येतील. त्यांना शास्त्र येत नसेल, पण एका गोष्टीपाशी चिकाटीने थांबायचं कसं, ते त्यांना येतं.

आणि तिकीट असेल तर ते काढावं. मित्राकडे पास मागू नये. सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, साथीदारांचं मानधन, यातलं बरंचसं त्या मित्राच्याच खिशातून गेलेलं असतं.

आमच्या भाऊंचं आता धुळ्याला एकल तबलावादन आहे. तीनताल, सोळा मात्रा, लेहऱ्याला, म्हणजे ताल दाखवत फिरत राहणाऱ्या धुनेला, हार्मोनियम. आप्पांची तयारी सुरू झाली आहे. बारावरून सोळावर जाताना त्यांची दोन बोटं अजून चुकतात. बसताना शक्यतो प्रेक्षकांतून डावीकडे बसा, असं भाऊ नेहमी सांगतात, कारण गाण्याच्या साथीला तबलजी बहुधा त्या बाजूला असतो आणि हात स्पष्ट दिसतात. यावेळी मात्र ते स्वतःच मधोमध असणार. आमच्या गाडीत अजून एक जागा शिल्लक आहे.

नमस्कार.