एकाच बाजूचं नाणं

[दृश्य: काळ्या मखमलीवर एक नाणं. चिमटा त्याची कड अलगद उचलतो.]

नाण्याची दुसरी बाजूही बघावी, असं आपण सहज म्हणून जातो. या नाण्याला दुसरी बाजूच नाही. उलटं केलं की पुढच्याच चित्राचा खळगा दिसतो. पुढे जो उठाव, तोच मागे पोकळ.

आपल्या देव्हाऱ्यातले टाक आठवा. खंडोबाचा, भवानीचा. चांदीच्या पातळ पत्र्यावर मूर्ती उठवलेली असते आणि मागून बोट फिरवलं तर तीच मूर्ती खोलगट लागते. हे नाणं पहिल्यांदा तळहातावर घेतलं तेव्हा मला आजीच्या देव्हाऱ्यातला टाकच आठवला होता. टाक मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो. हे नाणं घडवलं होतं जेमतेम काही महिन्यांसाठी.

याला म्हणतात ब्राक्टेआट. लॅटिनमध्ये ‘ब्राक्टेआ’ म्हणजे धातूचा पातळ पत्रा. हे नाव अभ्यासकांनी फार नंतर दिलेलं. ज्यांनी ते बाजारात वापरलं, त्यांच्यासाठी तो साधा ‘फेनिश’ होता, रोजच्या व्यवहारातलं चांदीचं नाणं. साधारण 1120 ते 1130 च्या सुमारास जर्मनीतल्या थुरिंगिया आणि सॅक्सनीच्या मुलखात ही नाणी पाडायला सुरुवात झाली आणि पुढची दोनशे वर्षं तिथे याच नाण्यांचं राज्य होतं.

[दृश्य: हातोडा, ठसा, चामड्याचा तुकडा.]

चांदी ठोकून ठोकून पातळ करायची, तिच्या चकत्या कापायच्या. चकतीखाली चामड्यासारखं मऊ काहीतरी, वर कोरीव ठसा, आणि हातोड्याचा घाव. नेहमीच्या नाण्याला खाली आणि वर असे दोन ठसे लागतात. इथे एकातच काम भागतं. वजन एक ग्रॅमसुद्धा नाही. पण रुंदी पाहा! काही नाणी चार सेंटिमीटरपर्यंत पसरलेली. एवढी जागा मिळाल्यावर कोरणाऱ्याचा हात मोकळा सुटला. मनोरे, कमानी, घोडेस्वार, चिलखताची एकेक कडी. मला तर वाटतं, मध्ययुगीन युरोपातली सगळ्यात सुंदर धातुकला चर्चच्या खजिन्यात नाही, या फेनिशांवर आहे.

चांदी येत होती हार्त्स डोंगरातल्या गोस्लारजवळच्या रामेल्सबेर्ग खाणीतून. 1168 मध्ये सॅक्सनीतल्या फ्रायबेर्गला नवी चांदी सापडली आणि टांकसाळींना आणखी जोर आला.

आता मूळ प्रश्न. यातल्या कितीतरी नाण्यांवर एक अक्षर नाही. काहींवर अक्षरांसारख्या दिसणाऱ्या नुसत्या रेघा आहेत. साल तर कुठेच नाही. मग हे नाणं कुठलं, कुणाचं, हे ओळखायचं कसं?

[दृश्य: नाणं जवळून. प्रभावळ, चिलखत, निशाण.]

हे माझ्याकडचं नाणं. मला मिळालं ते एका पाकिटात, पाकिटावर फक्त ‘जर्मनी, जुनं’ एवढंच लिहिलेलं. भिंगाखाली धरलं. डोक्यामागे प्रभावळ, म्हणजे संत. अंगावर चिलखत, हातात भाला आणि निशाण, म्हणजे शिपाई. शिपाई असलेले संत थोडेच आहेत. त्यातला एक मॉरिशियस. कथेनुसार इजिप्तमधल्या थिबन पलटणीचा सेनापती. जर्मन राजा पहिल्या ऑटोनं 937 मध्ये माग्डेबुर्गला त्याच्या नावानं मठ स्थापला, आणि हा संत त्या शहराचा रक्षक झाला. तिथल्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातला त्याचा पुतळा आहे, कृष्णवर्णी आफ्रिकी योद्ध्याचा, चिलखतासकट. माग्डेबुर्गच्या काही ब्राक्टेआटांवर त्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. ती नाणी आणि माझं मुकं नाणं शेजारी ठेवलं. निशाण धरायची तीच ढब, कडेच्या ठिपक्यांची तीच गोल माळ. त्या संध्याकाळी मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या, एवढा आनंद झाला होता.

चित्र वाचायची ही रीत एकदा कळली की बाकीची नाणीही बोलू लागतात. दगडांचा मार सोसत गुडघे टेकलेला माणूस दिसला की तो संत स्टीफन, आणि गाव हाल्बरश्टाट. सिंह दिसला की ब्राउनश्वाइग. हेन्री ‘सिंह’ या ड्यूकनं आपलं टोपणनावच नाण्यावर चढवलं. आर्नश्टाइनच्या सरदारांच्या नाण्यावर गरुड, कारण जुन्या जर्मनमध्ये ‘आर’ म्हणजे गरुड. आणि एखादी बाई आसनावर बसलेली दिसली, हातात ग्रंथ किंवा फूल, तर ती राणीच असेल असं समजू नका. क्वेडलिनबुर्गच्या मठाच्या प्रमुख स्त्रिया स्वतःच्या नावानं नाणी पाडत होत्या. बाराव्या शतकात बाजारात हातोहात फिरणाऱ्या पैशावर मठाधिकारी स्त्रीचा चेहरा! या नाण्यांपाशी मी नेहमी थांबतो.

[दृश्य: बाजार. जुनी नाणी मोजली जाताहेत.]

पण एवढी नवी-नवी चित्रं का? कारण पैशाचं होतं. नाणी पाडायचा हक्क असलेला सरदार किंवा बिशप ठरावीक मुदतीनं जाहीर करायचा, की जुनी नाणी आता चालणार नाहीत. ती टांकसाळीत आणा, नवी घेऊन जा. बारा जुनी दिली की हातात पडायची साधारण नऊ नवी. मधली तीन, तो बट्टा. म्हणजे करच. माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान, ज्याची कारकीर्द 1152 ते 1192, तो हे वर्षातून दोनदा करायचा. साठवून ठेवलेला पैसा दर खेपेला पाव हिश्शानं आटायचा. जुनं आणि नवं चटकन वेगळं ओळखू यावं म्हणून दर वेळी चित्र बदलायचं. सुंदर चित्रांच्या या रांगेमागे शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या गाठीतून गेलेली चांदी आहे, हे विसरून ही नाणी बघता येत नाहीत. शेवटी शहरांनीच एकरकमी पैसे मोजून ही कटकट सोडवून घेतली. बर्लिननं 1369 मध्ये नाण्यांचा हक्क विकत घेतला, आणि जो फेनिश बदलायचा नाही त्याला लोक म्हणू लागले ‘कायमचा फेनिश’.

[दृश्य: दाढीवाला पुरुष, हातात तलवार, कडेनं अक्षरं.]

कधी नाणं कागदाच्याही आधी बोलतं. कोपेनिक आज बर्लिनचा एक भाग आहे. कागदपत्रांत त्याचं नाव येतं ते 1209 मध्ये. पण त्याआधीच एका स्लाव्ह राजाच्या ब्राक्टेआटांवर ते कोरलेलं आहे: ‘याक्सा, कोपनिक’. एका इतिवृत्तात याक्सा नावाचा माणूस ब्रांडेनबुर्गचा किल्ला घेतो आणि 1157 मध्ये अल्ब्रेख्ट ‘अस्वल’ हा जर्मन सरदार तो त्याच्याकडून परत घेतो. हा याक्सा आणि तो याक्सा एकच का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्या वादाचा सगळा आधार म्हणजे नाण्यांवरची ही अक्षरं.

पोलंडमध्ये तर त्याहून नवल. ड्यूक म्येश्को तिसरा, मृत्यू 1202. त्याच्या ब्राक्टेआटांवर अक्षरं आहेत हिब्रू. टांकसाळ यहुदी कारागिरांच्या हाती होती. काहींवर ‘ब्राखा’, म्हणजे आशीर्वाद. काहींवर ‘म्येश्को, पोलंडचा राजा’: शब्द पोलिश, लिपी हिब्रू.

[दृश्य: मातीचं भांडं, नाण्यांचा गठ्ठा.]

चित्रही मुकं आणि अक्षरंही नाहीत, तेव्हा एकच साक्षीदार उरतो. नाण्यांचा हंडा. फेनिश जिथे पाडला तिथेच चालायचा, पलीकडच्या सरदाराच्या गावात त्याला किंमत नसे. म्हणून एकाच भागातल्या हंड्यांमध्ये एकच अनोळखी चित्र पुन्हा पुन्हा सापडलं, तर टांकसाळ जवळच असणार. आणि नाणी सतत बदलली जात असल्यामुळे एका हंड्यात थोड्याच वर्षांची नाणी असतात. त्यातलं एक ओळखीचं निघालं की बाकीच्यांचा काळही हाती लागतो. जर्मनीतल्या आनहाल्ट भागात फ्रेकलेबेनला 1860 मध्ये असा साठा सापडला, आणि थिओडोर श्टेंट्सेल यांनी 1862 मध्ये त्याचा वृत्तान्त छापला. हंडा फोडून नाणी सुटी विकली गेली असती तर ही साक्ष कायमची बुडाली असती.

म्हणून मी हात जोडून सांगतो, जमिनीत काही सापडलं तर ते हलवू नका, आधी कळवा. जर्मनीत बहुतेक राज्यांमध्ये असा महत्त्वाचा साठा सरकारचा असतो. आपल्याकडेही 1878 पासून निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा आहे. आणि नाणं विकत घेणाऱ्यानं ते कुठून आलं हे विचारलंच पाहिजे.

बनावट नाण्यांचीही जाण हवी. अठराव्या शतकात हानोव्हरमध्ये निकोलाउस झेलेंडर नावाचा कोरीव कारागीर होता. हात अतिशय तयार. त्यानं नवे ठसे कोरून ‘जुने’ ब्राक्टेआट पाडले आणि कित्येक संग्राहक फसले. त्याच्या नाण्यांना आज स्वतःचा वेगळा अभ्यास आहे.

[दृश्य: लहान पेटी. कागदाची चिठ्ठी, पेनाचं टोक.]

आता माझं नाणं त्याच्या पेटीत जातंय. खाली मऊ कागद, वर झाकण, बोटाचा दाब अजिबात नाही. एवढी पातळ चांदी आठशे वर्षांनी ठिसूळ झालेली असते. आणि जुन्या पाकिटाऐवजी नवी चिठ्ठी.

संत मॉरिशियस. माग्डेबुर्ग. तेरावं शतक.

त्याखाली आणखी एक ओळ असते, सापडल्याचं ठिकाण. ती कोरी आहे.