वॉर्सातल्या आठवणी आणि बगदादचा वाद

श्रोतेहो, नमस्कार.

1982 सालचा फेब्रुवारी महिना. पूर्व पोलंडमधलं श्विडनिक हे गाव. हेलिकॉप्टरच्या कारखान्यावर जगणारं. संध्याकाळी साडेसातला सरकारी टीव्हीवर बातम्या लागल्या, की इथली माणसं बायकापोरांसकट घराबाहेर पडायची आणि चक्क फिरायला निघायची. कुणी आपला टीव्ही खिडकीत ठेवायचं, तोंड रस्त्याकडे करून. काहींनी तर संच बाबागाडीत घालून फिरवला म्हणतात. सरकारी बातम्यांवर बहिष्कार, तो असा. घोषणा नाही, फलक नाही. पोलिसांनी पकडायचं ते कुठल्या कलमाखाली? सरकारने संचारबंदी सात वाजता आणली, तर मंडळी पाचच्या बातम्यांना फिरू लागली.

या फिरण्यामागे काय होतं, ते थोडं सांगतो. 13 डिसेंबर 1981, रविवार. पोरं सकाळी नेहमीचा बालकार्यक्रम बघायला बसली, आणि पडद्यावर आले लष्करी गणवेशातले पंतप्रधान जनरल यारुझेल्स्की. देशात लष्करी कायदा लागू झाला होता. ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेचे हजारो कार्यकर्ते एका रात्रीत उचलले गेले. तीनच दिवसांनी वुयेक खाणीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात नऊ कामगार गेले. फोन बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा बोलता बोलता मध्येच आवाज यायचा, ‘संभाषण नियंत्रित आहे’. म्हणजे आम्ही ऐकतोय, हे सांगून ऐकायचे! टीव्हीवर बातम्या सांगणारेसुद्धा गणवेशात. दुकानात मांस कुपनावर, साखर कुपनावर, आणि फळीवर मुबलक काय, तर व्हिनेगर. रांगेत कुणाचा कितवा नंबर याच्या याद्या ठेवायला लोकांनी स्वतःच समित्या केल्या होत्या. दुसऱ्यासाठी पैसे घेऊन रांगेत उभं राहणं हा एक धंदाच होऊन बसला.

हे सगळं ज्यांनी सोसलं, त्यांना हुकूमशाही म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मग 2003 साली इराकवर हल्ला करावा की नाही, असा प्रश्न जगापुढे आला, तेव्हा या माणसांचं एकमत व्हायला हवं होतं. पण झालं नाही.

आदाम मिखनिक घ्या. कम्युनिस्ट राजवटीत त्यांची सगळी मिळून सहाएक वर्षं तुरुंगात गेली. 1989 साली ते ‘गझेता वीबोर्चा’ या दैनिकाचे संपादक झाले. त्यांनी युद्धाच्या बाजूने लिहिलं. 11 सप्टेंबरला न्यूयॉर्कचे मनोरे कोसळताना त्यांना एका नव्या सर्वंकष सत्तेचं आव्हान दिसलं, आणि सद्दाम हुसेनला त्यांनी त्याच रांगेत बसवलं. चेकोस्लोव्हाकियात तुरुंग भोगलेले व्हात्स्लाव हावेल हेही त्याच बाजूचे. अमेरिकेला पाठिंबा देणारं आठ युरोपीय नेत्यांचं पत्र 30 जानेवारी 2003ला छापून आलं. हावेल तेव्हा चेक राष्ट्राध्यक्षपदाचे शेवटचे दिवस मोजत होते, आणि पत्राखाली त्यांचंही नाव होतं. फ्रान्सचे अध्यक्ष शिराक यावर भडकले. पूर्व युरोपातल्या देशांनी गप्प बसण्याची चांगली संधी घालवली, असं म्हणाले. ज्यांना चाळीस वर्षं गप्प बसवलं गेलं, त्यांनाच हे ऐकवायचं! ते किती झोंबलं असेल, याची कल्पना करा.

आणि दुसऱ्या बाजूला कोण? पोलंडचेच कारोल वोयतिवा, म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे. कम्युनिस्टांशी त्यांच्याइतकी लांब झुंज फार थोड्यांनी दिली असेल. तरी जानेवारीत त्यांनी राजदूतांपुढे स्पष्ट सांगितलं, युद्ध नको, युद्ध म्हणजे माणुसकीचा पराभव. मार्चमध्ये, हल्ल्याला चारच दिवस उरले असताना, त्यांनी आपलं वय पुढे केलं. मी दुसरं महायुद्ध पाहून वाचलेल्या पिढीतला आहे, तेव्हा तरुणांना हे सांगणं माझं कामच आहे, अशा अर्थाचं ते बोलले.

मला वाटतं, खरी गोम इथे आहे. आठवण दोघांची, पण साल वेगळं. मिखनिक यांच्या पिढीला डाचत होतं 1938, जेव्हा म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देऊन टाकला गेला, आणि 1945, जेव्हा याल्टाच्या परिषदेत पोलंड स्टालिनच्या पदरात पडला. पाश्चात्त्यांनी हात झटकले की काय होतं, हे त्यांना पाठ होतं. आपल्याकडे कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांना हे समजावून सांगायची गरज पडली नसती. स्टालिनने त्यांना 1940 पासून सैबेरियात, मध्य आशियात हाकललं होतं, आणि युद्ध संपलं तेव्हा त्यातल्या बहुतेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. पण त्याच 1945मध्ये सोव्हिएतांची परकी फौज ‘मुक्त करायला’ म्हणून आली आणि ठाण मांडून बसली, हेही खरं. ते कुणी फारसं काढलं नाही.

आणि 1989? त्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल वॉर्सात सरकार आणि सॉलिडॅरिटी यांची गोलमेज बसली. मिखनिक स्वतः त्या टेबलाशी होते. ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्याशीच बोलून निवडणूक पदरात पाडली, एकही परकी तोफ न डागता. ते साल त्यांनी बगदादला लावून पाहिलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. आता कुणी म्हणेल, हलब्जा या इराकमधल्या कुर्द गावावर विषारी वायू सोडणाऱ्या सद्दामबरोबर कसली गोलमेज? पोलंडला मॉस्कोत गोर्बाचेव्ह लाभले, इराकला कोण होतं? हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण म्हणून लढाईची बाजू सिद्ध होते, असंही नाही.

बरं, पोलंडचं सैन्य इराकला पाठवायचा निर्णय घेतला कुणी? पंतप्रधान मिलर आणि राष्ट्राध्यक्ष क्वाश्नियेव्स्की यांनी. दोघेही जुन्या कम्युनिस्ट पक्षातले! पोलंडकडे बहुराष्ट्रीय डिव्हिजनचं नेतृत्व आलं, अडीच हजारांच्या आसपास पोलिश सैनिक गेले, आणि तळ पडला थेट प्राचीन बॅबिलोनच्या अवशेषांत. 2003च्या जुलैत भारतानेही अमेरिकेची विनंती तपासली आणि सैन्य न पाठवण्याचं ठरवलं. ज्या संहारक अस्त्रांसाठी हे सगळं चाललं, ती काही सापडली नाहीत.

सगळ्यात कडू भाग पोलंडच्या घरातच घडला. मझुरी भागातल्या स्तारे केयकुटी या गावी पोलिश गुप्तहेरांचं प्रशिक्षण केंद्र आहे. 2002-03मध्ये तिथे अमेरिकेच्या सीआयएने दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्यांना गुप्तपणे कोंडून त्यांचा छळ केला. वकील नाही, खटला नाही, घरच्यांना पत्ता नाही. ज्या देशात निरपराधांना रात्रीतून उचलून नेल्याच्या कहाण्या घरोघरी होत्या, त्याच देशात हे चाललं, आणि सरकार वर्षानुवर्षं नाकारत राहिलं. जुलै 2014मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने पोलंडला दोषी ठरवून त्यातल्या दोघांना भरपाई द्यायला लावली. तेव्हा ते दोघे ग्वांतानामो या क्युबातल्या अमेरिकी तुरुंगातच होते. त्याच डिसेंबरात क्वाश्नियेव्स्कींनी कबूल केलं, की अमेरिकनांना जागा दिली होती, मात्र आत छळ चालतो हे ठाऊक नव्हतं.

नमस्कार.